तुटणारा धागा आणि स्वतःभोवती न फिरणारे चाक

किटलीचे झाकण उडताना पाहून जेम्स वॉटला वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचली आणि पाठोपाठ गिरण्या धडधडू लागल्या, ही गोष्ट मुलांना आजही सांगितली जाते. तिची दोन्ही टोके चुकीची आहेत. वॉटचा जन्म १७३६ सालचा. त्याआधीच, १७१२ मध्ये, थॉमस न्यूकोमेनचे इंजिन इंग्लंडमधील डडलीजवळच्या खाणीतून पाणी उपसू लागले होते. सूतगिरणीची यंत्रे वाफेने थेट फिरायला मात्र त्यानंतर ७३ वर्षे लागली. नॉटिंगहॅमशायरमधील पॅपलविक येथे, लीन नदीकाठच्या रॉबिन्सन कुटुंबाच्या गिरणीसाठी १७८५ साली वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांचे चक्राकार गती देणारे इंजिन घेण्यात आले. सूतगिरणीत बसलेले या प्रकारचे ते पहिले इंजिन मानले जाते. मधली ७३ वर्षे कशात गेली, हा प्रश्न मला किटलीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

न्यूकोमेनच्या इंजिनात वाफ दट्ट्याला जोराने ढकलत नसे. सिलिंडर वाफेने भरला, की आत थंड पाण्याचा फवारा सोडत. वाफेचे पाणी होताच तिचे आकारमान हजार पटींहून अधिक घटे, आत जवळजवळ निर्वात पोकळी तयार होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्या खाली रेटी. प्रत्येक खेपेला सिलिंडर थंड होत असल्याने बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्च होई. वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे जोडण्याची युक्ती वॉटला १७६५ मध्ये सुचली, १७६९ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि कोळशाची मोठी बचत झाली. तरीही इंजिन खेचण्याचेच काम करत राहिले : एक हिसका, मग विराम, पुन्हा हिसका.

पंपाला हे चालते. धाग्याला चालत नाही. रिचर्ड आर्कराइटच्या १७६९ च्या कताई यंत्रात कापसाचा पेळू रुळांच्या जोड्यांमधून जातो, पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरते आणि पेळू ताणला जाऊन बारीक होतो, तेव्हाच त्याला पीळ बसतो. मध्येच झटका बसला, तर धागा तुटतो. पाणचक्की मात्र संथ आणि एकसारखी फिरते. म्हणूनच आर्कराइटच्या मँचेस्टरमधील गिरणीत १७८० च्या दशकाच्या आरंभी वाफेच्या इंजिनाने पाणी वर चढवायचे आणि त्या पाण्याने चक्की फिरवायची, असा लांबचा मार्ग पत्करला गेला.

वरखाली हालचालीपासून फिरणे मिळवण्याचा सोपा उपाय म्हणजे क्रँक, म्हणजेच दांड्याच्या रेट्याने आस फिरवणारा वाकडा हात. पण जेम्स पिकार्डने १७८० मध्ये त्याचे पेटंट घेतलेले होते. ते टाळण्यासाठी वॉटने १७८१ मध्ये सूर्य-ग्रह चक्राचे पेटंट घेतले. या रचनेचे श्रेय बहुधा त्याचा सहकारी विल्यम मर्डॉक याला दिले जाते. इंजिनाच्या तुळईपासून खाली आलेल्या दांड्याच्या टोकाला एक दातेरी चाक पक्के जखडलेले असते, तो ‘ग्रह’. दुसरे दातेरी चाक मुख्य आसावर असते; तो ‘सूर्य’. दांडा वरखाली होताना ग्रह सूर्याभोवती प्रदक्षिणा घालतो, पण दांड्याला जखडलेला असल्यामुळे तो स्वतःभोवती पूर्ण फेरी घेऊ शकत नाही.

आता दोन्ही चाकांचे दाते सारखे आहेत असे धरा आणि दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर आपण बसलो आहोत अशी कल्पना करा. प्रदक्षिणेबरोबर आपणही फिरत असल्याने, न फिरणारा ग्रह आपल्याला एक फेरी उलटा फिरल्यासारखा दिसेल. दात्यांत दाते अडकलेले असल्यामुळे तो सूर्याला एक फेरी सुलट फिरवताना दिसेल. आपली रेषाही एक फेरी सुलट फिरलेली आहे. तेव्हा सूर्याच्या फेऱ्या झाल्या दोन! इंजिनाच्या एका आवर्तनात आस दोनदा फिरतो, ही गोष्ट क्रँकने साधत नाही. त्याच आसावर जड फ्लायव्हील असते. फिरत्या चाकातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वेग दुप्पट झाला, की त्याच चाकात चौपट ऊर्जा साठते आणि दोन हिसक्यांमधील विराम ती भरून काढते. धाग्याला हवी असलेली संथ गती इथून मिळाली.

वाफ आली आणि नद्या निरुपयोगी झाल्या, हे मात्र अतिशयोक्त आहे. लीनच्या पाण्यावरून रॉबिन्सन कुटुंबाचा वरच्या अंगाच्या न्यूस्टेडचे मालक लॉर्ड बायरन (कवी बायरनचे चुलत आजोबा) यांच्याशी वाद होता, आणि पाण्याच्या या अनिश्चिततेतच इंजिनाची गरज दडलेली होती. इंग्लंडमधील इतर अनेक गिरण्या पुढेही कित्येक दशके पाण्यावर चालल्या, कारण कोळसा विकत घ्यावा लागे.

क्रँकचे पेटंट १७९४ मध्ये संपले आणि सूर्य-ग्रह चक्र हळूहळू मागे पडले. पण १७८५ मध्येच लंडनच्या व्हिटब्रेड मद्यनिर्मितीगृहात बसलेले वॉटचे इंजिन सिडनीच्या पॉवरहाउस संग्रहालयात जतन केलेले आहे. त्याच्या ग्रहचाकाच्या एका दात्यावर नजर ठेवली, तर चाक भोवती फिरत असतानाही तो दाता थोडासा डुलून जवळजवळ त्याच दिशेला तोंड करून राहिलेला दिसतो.