मिश्र वर्ग वेगळा, द्विभाषिक शाळा वेगळी

इस्रायलमधल्या बहुतेक ज्यू आणि अरब मुलांची शाळेत गाठच पडत नाही. हिब्रू सरकारी, सरकारी-धार्मिक, हरेदी (कट्टर धार्मिक ज्यूंचा) आणि अरबी असे शाळांचे प्रवाहच वेगळे आहेत. त्यामुळे कुठेतरी ‘दोन्हीकडची मुलं एकत्र शिकतात’ असं वाचलं की आपण हरखतो. पण त्या ‘एकत्र’खाली दोन अगदी निराळ्या शाळा खपून जातात.

पहिली मिश्र. हैफा, जाफा, अक्को अशा शहरांतले काही अरब पालक मुलांना हिब्रू शाळेत घालतात. पुढे विद्यापीठात आणि नोकरीत हिब्रूच लागणार, हा सरळ हिशेब. शाळा मात्र त्या मुलासाठी बदलत नाही. शिकवणं हिब्रूत, सुट्ट्या ज्यू सणांच्या, इतिहास ज्यू बाजूने सांगितलेला. स्मृतिदिनी सकाळी अकराला भोंगा वाजतो, दोन मिनिटं रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबतात आणि मेलेल्या सैनिकांसाठी अख्खा वर्ग उभा राहतो. हे सैनिक ज्या युद्धांत मेले त्यांतल्याच एका युद्धात ज्याच्या पणजोबांचं गाव गेलं, त्या पोराने उभं राहायचं की बसून राहायचं? दहाव्या वर्षी हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

ज्यू मुलाची त्याच्याशी मैत्री होते, खरीच होते. फक्त तीपायी ज्यू मुलाला काही नवं शिकावं लागत नाही, अरबी तर नाहीच. ‘हा आपल्यासारखाच आहे की’ असं त्याला वाटतं, कारण मित्र आपलं अर्धं जग घरी ठेवून आलेला असतो.

द्विभाषिक शाळेत हा भार वाटून घ्यायचा प्रयत्न असतो. जेरुसलेम आणि तेल अवीवच्या मधे ज्यू-अरबांनी मिळून वसवलेलं नेवे शालोम–वहात अस-सलाम नावाचं गाव आहे; तिथे १९८४ मध्ये अशी शाळा सुरू झाली. मग १९९८ पासून ‘हँड इन हँड’ संस्थेच्या शाळा आल्या, आधी जेरुसलेम आणि उत्तरेकडच्या गॅलिलीत. २००४ मध्ये कफर कारा या अरब गावात शाळा निघाली आणि ज्यू मुलं तिथे जाऊ लागली. माझ्या मते ही सगळ्यांत धाडसी शाळा, कारण नेहमीची वाट इथे उलटी झाली.

लहान वर्गांत दोन शिक्षिका असतात, एक ज्यू, एक अरब. दोघी आपापल्या भाषेत बोलतात आणि एकीचं दुसरी लगेच भाषांतर करून देत नाही. म्हणजे रागावणं, कौतुक, ‘वही काढा’ हे सगळं अरबीतूनही येतं. ज्यू मुलाला अरबी ही बाईंची भाषा म्हणून कळते, तिचं ऐकावं लागतं. आणि इस्रायल स्थापन झालं ते १९४८ चं वर्ष वर्गात दोन नावांनी येतं: स्वातंत्र्य आणि नकबा, म्हणजे सुमारे सात लाख पॅलेस्टिनी परागंदा झाले ते अरिष्ट. अरबी प्रवाहातल्या तिसरीच्या पुस्तकात हा शब्द २००७ मध्ये आला आणि २००९ मध्ये काढलाही गेला. हिब्रू पुस्तकात तो तेव्हाही नव्हता.

यावर चिडणारेही आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये जेरुसलेमच्या शाळेतला पहिलीचा वर्ग अतिउजव्या ज्यू तरुणांनी पेटवला आणि भिंतीवर ‘अरबांना मरण’ लिहून ठेवलं.

पश्चिम किनारा आणि गाझातली मुलं या दोन्ही चित्रांत नाहीत. इथली अरब मुलं बहुतेक इस्रायलची नागरिक. जेरुसलेममध्ये पूर्व भागातली, नागरिकत्व नसलेली काही असतात, तेवढीच.

बाहेरची हिब्रू द्विभाषिक शाळेच्या फाटकातूनही आत येतेच. अरब मुलांचं हिब्रू फर्डं होतं, ज्यू मुलांचं अरबी मागे पडतं. त्यात शाळेत वाचायला शिकवतात ती लेखी अरबी, आणि मित्राच्या घरी बोलतात ती निराळी. मधल्या सुटीत फुटबॉल निघाला की आरडाओरडा बहुतेक हिब्रूतच होतो.