प्रोसेसर आणि मदरबोर्डची जोडी: सॉकेट ७ ते एएम५

असेंबल्ड गेमिंग पीसी घेताना "इंटेल की एएमडी?" हा प्रश्न सुटला की मदरबोर्डचा निम्मा निर्णय आपोआप झालेला असतो. १९९७ च्या मध्यापूर्वी असं नव्हतं. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा; सॉकेट ७ या ३२१ पिनांच्या एकाच सॉकेटात इंटेलचा पेंटियम बसायचा, एएमडीचा के६ बसायचा आणि सायरिक्सचा ६एक्स८६सुद्धा. बोर्डावरचे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) हलवून व्होल्टेज, बसचा (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या मार्गाचा) वेग आणि मल्टिप्लायर (बसचा वेग ज्या आकड्याने गुणला की प्रोसेसरचा वेग मिळतो तो) जुळवायचे. व्होल्टेजचा जंपर चुकला तर प्रोसेसर जायचा, पण कंपनी बदलली म्हणून बोर्ड बदलावा लागत नव्हता.

मे १९९७ मध्ये पेंटियम २ आला आणि ही सोय संपली. हा प्रोसेसर काळ्या कार्ट्रिजमध्ये होता आणि स्लॉट १ या २४२ संपर्कांच्या उभ्या खाचेत बसायचा. प्रोसेसरच्या शेजारी वेगळ्या चिपांवर एल२ कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) ठेवायला ही रचना सोयीची होती, हे तांत्रिक कारण. व्यापारी कारण असं, की स्लॉट १ इंटेलच्या मालकीचा असल्याने इतरांना तो वापरता येईना. एएमडीने सॉकेट ७ ला १०० मेगाहर्ट्झची बस आणि एजीपी (ग्राफिक्स कार्डाची वेगळी खाच) जोडून थोडे दिवस काढले. १९९९ मध्ये अ‍ॅथलॉनसाठी स्लॉट ए आणला, तो मजेशीर होता: खाच स्लॉट १ चीच, फक्त उलटी फिरवलेली, आणि आत डेक या कंपनीच्या अल्फा प्रोसेसरसाठी बनलेली ईव्ही६ बस. तेव्हापासून दोन्ही कंपन्यांचे बोर्ड वेगळे झाले ते कायमचे.

त्या काळात बोर्डाच्या निवडीने गेमचा वेग खरोखर बदलायचा. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, प्रोसेसरमध्ये नव्हता, बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये होता. त्यामुळे तोच प्रोसेसर चांगल्या चिपसेटवर (बोर्डावरच्या नियंत्रक चिपांच्या संचावर) जास्त पळायचा. सर्वांत गाजलेली जोडी १९९८ ची: इंटेलचा सेलेरॉन ३००ए आणि ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड. या सेलेरॉनचा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद होता, बस ६६ मेगाहर्ट्झची. बीएक्सला १०० मेगाहर्ट्झची बस अधिकृतपणे चालत असे आणि त्या वेगाला पीसीआय बस ३३ वरच राहायची, म्हणून बाकीची कार्डं बिघडत नसत. बस १०० वर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर. १२८ केबी एल२ कॅश चिपमध्येच पूर्ण वेगाने चालत असल्यामुळे हा स्वस्त प्रोसेसर गेममध्ये महागड्या पेंटियम २ च्या बरोबरीला यायचा. "महाग बोर्ड म्हणजे जास्त एफपीएस" (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) हा समज याच काळातला आहे. तो तेव्हा खरा होता.

सप्टेंबर २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ ने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नेला. इंटेलने तेच २००८ मध्ये नेहालेम पिढीपासून केलं, आणि २००९ च्या एलजीए ११५६ प्रोसेसरांनी ग्राफिक्स कार्डाच्या पीसीआय एक्सप्रेस लेन, म्हणजे डेटाच्या वाटाही, आत घेतल्या. नॉर्थब्रिजला काम उरलं नाही. आज तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि तेच ग्राफिक्स कार्ड साध्या आणि महागड्या बोर्डावर लावून पाहिलं तर, वीज पुरेशी मिळत असेल तोवर, गेममधला फरक नगण्य असतो. बोर्डाकडे उरलं ते तीन गोष्टींचं काम: वीजपुरवठा, जोडण्या आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम). या तिन्हींवरून पुढे गिऱ्हाइकांनी बराच मनस्ताप भोगला.

सॉकेट एकच असला म्हणजे प्रोसेसर चालेल, हा गैरसमज आधी एलजीए ७७५ ने मोडला. २००४ च्या या सॉकेटात पेंटियम ४ ही बसे आणि २००६ चा कोअर २ ड्युओही. पण सुरुवातीच्या बहुतेक बोर्डांच्या व्होल्टेज सर्किटला कोअर २ चालवता येत नव्हता. याच सॉकेटाने पिना प्रोसेसरवरून बोर्डावर आणल्या. पिना वाकलेला बोर्ड वॉरंटीत सहसा घेत नाहीत, त्यामुळे सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण टाकून न देण्याची शिस्त तेव्हाची.

पुढे इंटेलने सॉकेट बदलायचा धडाकाच लावला: २००९ मध्ये ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१. सर्वांत जास्त संताप झाला तो २०१७ मध्ये. जानेवारीत चार कोअरचा आय७-७७००के आणि झेड२७० बोर्ड आले. ऑक्टोबरमध्ये सहा कोअरचा ८७००के आला, सॉकेटच्या पिना तेवढ्याच ११५१, पण झेड२७० वर तो चालेना. जास्त कोअरना जास्त वीज लागते म्हणून पिनांची वाटणी बदलली, असं इंटेलचं म्हणणं. हौशी लोकांनी बायोसमध्ये फेरफार करून जुन्या बोर्डांवर हे प्रोसेसर चालवून दाखवले, तेव्हा त्या कारणात कितपत दम होता हे कळलंच. एएमडीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. अ‍ॅथलॉन ६४ साठी ७५४, ९४०, ९३९ आणि मग २००६ मध्ये एएम२, असे तीन वर्षांच्या आत चार सॉकेट तिनेही खपवले.

म्हणूनच एएमडीचा एएम४ सॉकेट वेगळा ठरला. मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर त्यावर आले आणि पाच वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, ५८००एक्स३डी ही त्याच १३३१ पिनांच्या सॉकेटात आला. पण हे सरळ घडलं नाही. अनेक बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची होती आणि इतक्या पिढ्यांचा कोड तिच्यात मावेना. काही बोर्ड कंपन्यांनी जागा करण्यासाठी बायोसची चित्रमय स्क्रीन कापली, जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढला, आणि नंतर ३२ एमबी चिप लावलेले सुधारित बोर्ड विकायला काढले. मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर रायझन ५००० चालणार नाहीत असं जाहीर केलं. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात निर्णय फिरवला. २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या बोर्डांनाही मुभा मिळाली.

या गोंधळाची एक खूण अजून टिकून आहे. नवा प्रोसेसर जुन्या बायोसवर सुरूच होत नाही, आणि प्रोसेसर सुरू झाल्याशिवाय बायोस बदलता येत नाही, हा पेच सोडवणारं बायोस फ्लॅशबॅकचं बटण आधी महाग बोर्डांवर असायचं, आता मध्यम बोर्डांवरही मिळतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नेमकं नाव द्यायचं, खूण केलेल्या यूएसबी पोर्टात तो लावायचा, २४ पिन आणि ८ पिन वीज जोडायची, बटण दाबायचं आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. फाइलचं नाव चुकलं तर दिवा थोडा वेळ चमकून थांबतो आणि काहीच होत नाही. बरेच लोक इथेच अडकतात. एएम४ वर दुसरा सापळा कूलर काढताना आहे. कूलरखालची थर्मल पेस्ट सुकलेली असेल तर कूलर ओढताच प्रोसेसर पिनांसकट सॉकेटातून उपटून येतो. आधी दहा मिनिटं मशीन तापवावं, मग बंद करून कूलर डावीउजवीकडे पिळत सोडवावा.

वीजपुरवठ्याचा इतिहास याहून ताजा आणि जास्त महागडा. इंटेलच्या १३९००के ची अधिकृत मर्यादा २५३ वॅट, पण चाचण्यांत आपला बोर्ड पुढे दिसावा म्हणून कंपन्या ही मर्यादा मुळातच ४०९६ वॅट, म्हणजे व्यवहारात अमर्याद, ठेवत असत. २०२४ मध्ये १३ व्या आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर गेममध्ये कोसळू लागले, तेव्हा आधी बोट या सेटिंगकडे गेलं. मूळ दोष इंटेलच्या मायक्रोकोडमध्येही (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमध्ये) निघाला: प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि हळूहळू झिजत होता. ऑगस्टमध्ये ०x१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०x१२बी हे मायक्रोकोड बायोसमधून आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. झालेली झीज मात्र अपडेटने भरून येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जुना १३७००के अथवा १४९००के स्वस्तात मिळत असेल तर तो कोणत्या बायोसवर किती काळ चालला हे विचारूनच हात घालावा. एएमडीची बाजूही स्वच्छ नाही. एप्रिल २०२३ मध्ये काही बोर्ड एक्सपो (रॅम जाहीर वेगाने चालवणारं) प्रोफाइल लावताच एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) व्होल्टेज इतकं चढवत, की ७८००एक्स३डी सॉकेटासकट जळाले. नंतर ते १.३ व्होल्टवर बांधलं गेलं. एएम५ वर एक्सपो चालू करण्याआधी बायोस अद्ययावत करायचा, तो यासाठी.

उलट टोकाला स्वस्त बोर्डांचे व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारी सर्किटं. आय५-१२४०० कागदावर ६५ वॅटचा, पण टर्बोला ११७ वॅट घेतो. व्हीआरएमवर हीटसिंक नसलेल्या एच६१० बोर्डावर तो चालतो. त्याच बोर्डावर आय७ बसवला तर व्हीआरएम तापून वेग पडतो, आणि दोष ग्राफिक्स कार्डावर ढकलला जातो.

जोडण्यांच्या बाबतीत फसगत बोर्डापेक्षा प्रोसेसरच्या नावात जास्त आहे. रायझन ५ ५५०० आणि ५६०० शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दोन्ही सहा कोअरचे. पण ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस ३.०, तर ५६०० मध्ये ३२ एमबी आणि ४.०. बी५५० बोर्ड घेऊनही ५५०० लावला की ग्राफिक्स कार्ड ३.० वरच चालतं. फक्त चार लेन वापरणाऱ्या आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या कार्डाला हे चांगलंच जाणवतं. आणि गेमसाठी कॅश किती महत्त्वाची हे ९६ एमबीच्या ५८००एक्स३डी ने दाखवलं: जुना सॉकेट, डीडीआर४ रॅम, तरी अनेक गेममध्ये तो तेव्हाच्या सर्वांत महागड्या प्रोसेसरांच्या पंक्तीत बसला.

आजच्या खरेदीत एएम५ ला झुकतं माप द्यायचं कारण हाच इतिहास आहे. २०२२ च्या या सॉकेटाला २०२७ आणि पुढेही पाठिंबा देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. इंटेलचा १७०० सॉकेट मागे पडून ऑक्टोबर २०२४ मध्ये १८५१ आला. मध्यम बजेटला बी६५० बोर्ड पुरतो. वाचलेले पैसे प्रोसेसरच्या कॅशवर किंवा ग्राफिक्स कार्डावर घालावेत. रॅमच्या दोनच स्टिक घ्याव्यात आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत लावाव्यात, कारण रायझन ७००० साठी अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे, तर चार लावल्यावर ३६००. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेत असल्याने) स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. तेवढ्यात बोर्ड मेला समजून वीज बंद केली की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.