चार सलाईन आणि एक बीपीची गोळी

औसा तालुक्यातल्या आमच्या गावी माझे चुलते, आम्ही तात्या म्हणतो, दोन वर्षांमागं सोयाबीनच्या काढणीनंतर आजारी पडले. सोयाबीन भिजली होती आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. आजारी म्हणजे काय तर अंग दुखायलंय, डोकं जड पडायलंय, पहाटे तीनला जाग आली की परत डोळा लागत नाही, जेवण नको, पारावर जाणं नको. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावली, दोन दिवस बरं वाटलं, मग दुसरी लावली. असं करत चारपर्यंत गेलो आम्ही, मधे बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, कंबरेचा एक्सरे झाला आणि काकूच्या माहेरच्यांनी सांगितलं म्हणून बाहेरचं बघणाऱ्याकडं एक चक्करही झाली. ह्या सगळ्यात "उदास वाटतं" असं तात्या एकदाही म्हणाले नाहीत. आपल्याकडं पुरुष माणूस तसं म्हणतच नाही, कंबर दुखते म्हणतो.

आणि ती कंबर खरीच दुखत असते बरं का, नाटक नसतं ते. डिप्रेशनचे कित्येक पेशंट डॉक्टरकडं जातात ते अंगदुखी, थकवा, झोप असल्याच तक्रारी घेऊन. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेलं राहिलं नाहीतर कशातच गोडी वाटेना झाली, आणि सोबत झोप, भूक, ताकद, लक्ष, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार ह्यातलं बरंच काही बिघडलं की मग त्याला डिप्रेशन म्हणतात. नुसतं टेन्शन वेगळं. टेन्शनमधला माणूस चांगली बातमी आली की हसतो. तात्यांना नातू झाल्याचा फोन आला तेव्हा ते "बरं झालं" म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

शेवटी लातूरला मानसोपचारवाल्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी आधी थायरॉइड आणि रक्त तपासायला लावलं, कारण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस हुबेहूब असाच दिसतो. रिपोर्ट नॉर्मल आले. मग ते म्हणाले, मेंदूत केमिकल कमी पडलंय. घरच्यांना पटलं, केमिकल म्हणजे काहीतरी खरा आजार. मला मात्र ते वाक्य टोचत राहिलं, म्हणून थोडं वाचत गेलो.

ह्या केमिकलच्या गोष्टीत आपली सर्पगंधा ही औषधी वनस्पती आहे. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधानं ब्लडप्रेशर उतरतं हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं आणि जगभर तिच्याकडं लक्ष गेलं. तिच्यातून काढलेलं रेसर्पिन घेणारे काही पेशंट मात्र खचल्यासारखे वागायला लागले, आणि नंतर कळलं की हे औषध मेंदूतली सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन ही केमिकल रिती करतं. त्याच सुमाराला, १९५२ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका टीबी हॉस्पिटलात इप्रोनायझिड नावाच्या टीबीच्या गोळीनं पेशंट एकदम उत्साहात आले, आणि ती गोळी हीच केमिकल वाढवते असं निघालं. दोन्ही टोकं जुळली. कमी झालं की उदास, वाढलं की बरं.

पण ते इतकं सरळ नाही. आजकालच्या गोळ्या काही तासांत सेरोटोनिन वाढवतात आणि माणसाला फरक वाटायला दोन ते चार आठवडे जातात, मग मधे काय चालू असतं? २०२२ मध्ये तर तोवरचे मुख्य अभ्यास एकत्र मांडून बघितले तेव्हा डिप्रेशनवाल्यांत सेरोटोनिन कमी असतं ह्याला धड पुरावा सापडला नाही. ह्यावरून लगेच गोळ्या खोट्या असं काही जण म्हणायले, ते चूक. सलाईननं तरतरी आली म्हणून अंगात सलाईन कमी पडली होती असं होतं का? औषध लागू पडणं वेगळं आणि आजाराचं मूळ वेगळं.

मूळ शोधायला मला मोटर आठवते. लाईटीचा भरवसा नाही म्हणून आपल्याकडं शेतकरी ऑटो स्टार्टर बसवतो, रात्री दोनला लाईट आली की मोटर आपोआप चालू. विहिरीत पाणी नसलं की ती कोरडी फिरून जळते, म्हणून शहाणा माणूस वर एक कट-ऑफ पण बसवतो. शरीराचं असंच आहे. संकट दिसलं की मेंदूतलं हायपोथॅलॅमस तिथल्याच पिट्युटरी ग्रंथीला कळवतं, ती किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीला हाक देते आणि रक्तात कॉर्टिसोल हे संकटाचं हार्मोन येतं. हेच कॉर्टिसोल परत मेंदूत जाऊन "बास आता" असं सांगतं, तो झाला कट-ऑफ. डिप्रेशनच्या बऱ्याच पेशंटांत, सगळ्यांत नाही, हा कट-ऑफ ढिला पडलेला दिसतो, संकट असो नसो मोटर चालूच. बरेच वर्ष आजार रेंगाळलेल्यांत तर आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा भाग सरासरीनं थोडा लहान आढळतो.

शरीरातली सूजही मनाला खाली ओढू शकते. हेपॅटायटिस सी वर पूर्वी इंटरफेरॉनची, म्हणजे अंगात अशी सूज पेटवणारी, इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यायचे, आणि ती घेणाऱ्यांतले बरेच जण, आधी भले ठणठणीत मनाचे असोत, डिप्रेशनमध्ये जायचे. तिथं कसलं कर्ज आणि कसली सोयाबीन!

तरी गावातला खरा प्रश्न वेगळाच होता. शेजारच्या अण्णाचीही सोयाबीन भिजली, त्याच सोसायटीचं कर्ज त्याच्याही डोक्यावर, तो कसा काय उभा राहिला? लोकांचं उत्तर ठरलेलं, तात्याचं मन कमजोर. हे मला अजिबात मान्य नाही.

थोडा भाग रक्तातून येतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला साधारण ३७ टक्के आनुवंशिक धरतात, पण एखादा ठराविक "डिप्रेशनचा जीन" नसतो, २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात जीन्समधल्या १०२ जागा निघाल्या आणि एकेकीचा वाटा चिमूटभर. बायपोलरमध्ये, म्हणजे माणूस कधी खचतो तर कधी अति उत्साहात उसळतो त्या आजारात, हाच आनुवंशिक वाटा बराच मोठा असतो, म्हणून डॉक्टर घरातल्यांबद्दल इतकं खोदून विचारतात, कारण बायपोलरवाल्याला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर तो दुसऱ्या टोकाला उसळू शकतो. आमचे आजोबा पावसाळा संपला की दोन-दोन महिने ओसरीवर गप्प बसून असायचे म्हणे. तेव्हा त्याला स्वभाव म्हणायचे.

बाकीचं बाहेरून येतं. लंडनमध्ये ब्राऊन आणि हॅरिस ह्या दोघांनी बायकांचा अभ्यास करून १९७८ मध्ये मांडलं की मोठा आघात झाल्यावर कोण खचणार हे ठरवणाऱ्या गोष्टींत एक मोठी गोष्ट म्हणजे मनातलं बोलायला जवळचं माणूस आहे का नाही. बायकांमध्ये डिप्रेशन पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं, आणि आपल्याकडं लग्न करून परक्या गावी आलेली नाहीतर उचल घेऊन सहा महिने कोपीवर ऊस तोडायला गेलेली बाई कुणाजवळ बोलणार, हे ज्यानं त्यानं बघावं. तात्यांचा असा एकच दोस्त होता, तो कोविडमध्ये गेला.

दुसरी गोष्ट हातात काय आहे ह्याची. १९६७ च्या सुमारास सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले (आज कुणी करू देणार नाही असे). दोन गटांना सारखाच शॉक, पण एका गटाला फळी दाबून तो थांबवता यायचा, दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. पुढं सुटायची वाट मोकळी ठेवली तरी दुसऱ्या गटातले बरेच कुत्रे जागीच पडून राहिले. तेव्हा म्हणाले, हतबलता शिकली जाते. २०१६ मध्ये त्यांनीच उलट मांडलं, मार लांबला की गळून पडणं हा मेंदूचा जन्मजात स्वभाव, शिकावं लागतं ते हे की आपल्या हातात काहीतरी आहे. गंमत म्हणजे ते गळून पडणं घडवून आणतात त्या मेंदूच्या बुडाशी असलेल्या सेरोटोनिनच्याच पेशी.

आता बघा, ज्या लातूरला २०१६ ला मिरजहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं पाऊस कधी, दुबार पेरणी करावी का नाही, विमा मिळणार का, भाव काय, ह्यातलं शेतकऱ्याच्या हातात काय आहे? अण्णाकडं दोन म्हशी होत्या. रोज सकाळी डेअरीला सहा लिटर दूध जायचं आणि दहा दिवसांनी पैसे यायचे. माझ्या मते त्याचं मन तात्यांपेक्षा घट्ट नव्हतं, त्याच्याकडं दाबायला फळी होती.

गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये छापून आला. डॉक्टर नसलेल्या, थोडं ट्रेनिंग घेतलेल्या साध्या माणसांनी सहा-आठ बैठकी घेऊन पेशंटला परत छोट्या-छोट्या कामाला लावलं, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त जण सावरले. लातूरच्या डॉक्टरनं गोळीसोबत तात्यांना तेच सांगितलं, रोज बैलाला वैरण तुम्हीच टाकायची, मन लागो न लागो. काकूला बाजूला घेऊन सांगितलं, फवारणीचे डबे घराबाहेर कुलपात ठेवा, आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ ह्या सरकारच्या टेली-मानस नंबरला फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तिसऱ्या आठवड्यात झोप आली. मन नंतर, झोप आधी. एका सकाळी तात्यांनी वैरण टाकून झाल्यावर अण्णाला विचारलं म्हणे, म्हैस कितीला मिळंल. गोळी अजून चालू आहे. पारावर कुणी विचारलं तर बीपीची आहे म्हणतात, आणि काकूही मान हलवते.