पाटाकाठची वाट

जर्मनीच्या मधोमध पसरलेल्या हार्त्स पर्वतात ओडरटाइख नावाचा तलाव आहे. तिथून सांक्ट आंद्रेआसबेर्ग या जुन्या खाणगावाकडे एक पायवाट जाते. एका हाताला रेबेर्ग डोंगराची चढण, दुसऱ्या हाताला ओडर नदीची खोल दरी आणि पायाशी संथ वाहणारा दगडी बांधणीचा पाट. सात-एक किलोमीटर चाललं तरी धाप लागत नाही. सह्याद्रीत गुडघे झिजवलेल्या माणसाला हा ट्रेक वाटणारच नाही. पण एवढ्या उतारावर इतकी सपाट वाट आली कुठून, हा प्रश्न मात्र पडतो. ही वाट माणसांसाठी आखलेलीच नाही. आखला गेला तो पाट. वाट त्याच्या काठाकाठाने, देखभालीच्या सोयीसाठी पडली.

गोष्ट चांदीपासून सुरू होते. इथल्या खाणकामाचा उल्लेख १४८७ पासून सापडतो. १५२१ मध्ये होनश्टाइन घराण्याच्या सरदारांनी खाणकऱ्यांना सवलती जाहीर केल्या आणि बाहेरून कसबी माणसं येऊन डोंगरात गाव वसलं. त्याच सुमारास सुरू झालेली सामझोन खाण पुढे खाली जात जात ८१० मीटरपर्यंत पोहोचली. जितकं खोल जावं तितकं पाणी जास्त. ते उपसायला आणि दगड वर ओढायला ताकद हवी. जनावरं आणि माणसं किती पुरणार? काट्याने काटा काढावा तसं इथे पाण्यानेच पाणी उपसायचं ठरलं : वरून पाणी आणायचं, त्यावर मोठी लाकडी चाकं फिरवायची आणि चाकांवर पंप चालवायचे.

हार्त्समध्ये पाऊस आणि बर्फ भरपूर, पण गरजेच्या वेळी ओढ्यांना पाणी असेलच असं नाही. शिवाय खाणी एका जागी आणि पाणी दुसऱ्या. म्हणून १६९९ ते १७०३ या काळात ओडरचं पाणी डोंगराच्या कडेकडेने फिरवून गावाकडे नेणारा रेबेर्गर ग्राबेन खोदला गेला. ग्राबेन म्हणजे चर किंवा खंदक, पण आपला ‘पाट’ हा शब्द इथे जास्त चपखल बसतो. उतार जास्त दिला तर काठ खचणार आणि पुढे चाकावर पडायला उंची उरणार नाही. कमी दिला तर पाणी थबकणार. चालणाऱ्याला जाणवतो तो सपाटपणा या हिशेबातून आलेला आहे.

पाट झाला तरी कोरड्या दिवसांची चिंता होतीच. त्यासाठी १७१५ ते १७२२ मध्ये ओडरटाइखचा बांध घातला गेला. ग्रॅनाइटचे मोठे चिरे आणि पाझर रोखायला ग्रॅनाइटचाच भुगा. साधारण १७ लाख घनमीटर पाणी अडवणारा हा तलाव १९व्या शतकाच्या अखेरीपर्यंत जर्मनीतला सर्वांत मोठा कृत्रिम जलाशय होता. आज तिथे लोक पोहतात.

पाट म्हटला की पाटकरी आलाच. पानगळीत पालापाचोळा काढायचा, हिवाळ्यात बर्फ फोडायचा, गळती बुजवायची. त्याच्यासाठी १७७२ मध्ये वाटेत घर बांधलं गेलं. त्या ग्राबेनहाउसमध्ये आता खानावळ आहे आणि हिवाळ्यात समोरच्या कुरणात चाऱ्यासाठी येणारी हरणं पाहायला लोक तिथे थांबतात.

केवळ पाहण्यासाठी इथे येणं काही नवं नाही. १७८३ मध्ये खाण अधिकारी ट्रेब्राबरोबर जर्मन कवी ग्योटे या वाटेवर आला होता. ग्रॅनाइटवर दुसरा काळा खडक टेकलेला त्याने निरखून पाहिला. ती जागा आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. पण सर्वसामान्यांचं भटकणं वाढलं ते रेल्वे आल्यावर. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या हार्त्सक्लुबने पर्वतभर वाटा आखल्या, पाट्या लावल्या. १९१० मध्ये सामझोन बंद पडली. चांदी गेली, गाव हवापालटाला आणि स्कीइंगला येणाऱ्यांवर जगू लागलं. (खाणकऱ्यांचा एक जोडधंदा मात्र खाणीपेक्षा जास्त नावाजला : घरोघरी पाळलेले, मंजूळ गाणारे कॅनरी पक्षी. त्यांचं संग्रहालय खाणीच्या आवारातच आहे.)

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या खाणी, तलाव आणि पाटांजवळ सूचिपर्णी झाडाच्या आकाराच्या लाकडी पाट्या उभ्या राहिल्या. ही कल्पना खाणखात्यातल्या हेर्बर्ट डेनर्ट यांची, म्हणून त्या पाट्यांना ‘डेनर्ट-टाने’ म्हणतात (टाने म्हणजे फरचं झाड). माझ्या मते या डोंगरातल्या भटकंतीला खरा अर्थ आला तो इथे, कारण तोवर वाट होती, पण ती का आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. २०१० मध्ये वरच्या हार्त्समधली ही जलव्यवस्था युनेस्कोच्या जागतिक वारशात आली.

जंगलाकडे मात्र खाणींचा वारसा या नजरेने फारसं कुणी पाहत नाही. खाणींना लाकूड अफाट लागे. जुनं मिश्र जंगल तुटलं आणि लवकर वाढणारे स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष रांगांनी लावले गेले. २०१८ नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी त्यांचा फडशा पाडला. आज कित्येक ठिकाणी करड्या, वाळलेल्या खोडांमधून चालावं लागतं. राष्ट्रीय उद्यानाच्या मोठ्या भागात ती खोडं मुद्दामच हटवलेली नाहीत. त्यांच्या पायथ्याशी नवी रोपं आपसूक उगवत आहेत.

वाट गावात संपते, पाणी नाही. ते सामझोनच्या उभ्या विहिरीत खोलवर उतरतं आणि तिथल्या दोन छोट्या जनित्रांवर वीज तयार करतं. त्यांची देखभाल करणाऱ्यांना खाली न्यायला १८३७ मध्ये बसवलेलं यंत्र आहे. तारदोरांच्या दोन जोड्या आळीपाळीने वरखाली होतात आणि माणूस पायरीवरून पायरीवर पाय बदलत उतरत जातो.