माल गोदामात असताना आणि माल ट्रकमध्ये असताना: पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचे दोन हक्क

‘पैसे आले नाहीत ना, मग ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून गाडी थांबवा’ हा सल्ला बाजारात सर्रास मिळतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये माल अडवण्याचे दोन हक्क आहेत आणि दोघांच्या अटी वेगळ्या आहेत.

पहिला धारणाधिकार, म्हणजे पैसे मिळेपर्यंत माल रोखून धरण्याचा हक्क, कलम ४७. माल विक्रेत्याच्या ताब्यात असेपर्यंतच तो चालतो, मग मालकी खरेदीदाराकडे गेलेली का असेना. विक्री रोखीची असेल, उधारीची मुदत उलटली असेल किंवा खरेदीदार नादार (देणी फेडू न शकणारा) झाला असेल, यांतलं एक कारण पुरेसं आहे. तीस दिवसांच्या उधारीवर विकलेला माल मुदत संपेपर्यंत न उचलता गोदामातच राहिला, तर त्यानंतर तो रोखून धरता येतो. अडवायचा तो किमतीसाठी, गोदामभाड्यासाठी नाही.

माल ट्रान्सपोर्टवाल्याच्या हवाली केला की हा हक्क सहसा संपतो. ‘पैसे मिळेपर्यंत मालाच्या विल्हेवाटीचा हक्क आमचाच’ अशी अट आधीच लेखी घातली असेल तर गोष्ट वेगळी.

त्यापुढे कलम ५०, म्हणजे वाटेत माल थांबवण्याचा हक्क. इथे नुसती थकबाकी चालत नाही, खरेदीदार नादारच असावा लागतो. त्यासाठी कोर्टाचा आदेश मात्र लागत नाही: नेहमीच्या व्यवहारातली देणी त्याने थांबवली असतील किंवा मुदतीला तो ती फेडू शकत नसेल, तर तो नादार. मालाच्या दर्जावरून वाद घालून एखादा चेक अडवणारा खरेदीदार नादार ठरत नाही. त्याचा माल वाटेत रोखला तर करारभंग विक्रेत्याच्याच अंगाशी येतो.

ट्रान्सपोर्टवाल्याला नोटीस बिल्टी (त्याने दिलेली मालाची पावती) नंबर आणि गाडी नंबरासह लेखी द्या. त्याच्या मुख्य ऑफिसला देत असाल तर ड्रायव्हरपर्यंत निरोप पोचेल इतका वेळ हाताशी हवा. परतीचं भाडं विक्रेत्यावरच पडतं. माल मुक्कामी पोचल्यावर ट्रान्सपोर्टवाल्याने ‘आता तुमच्या वतीने सांभाळतो’ असं खरेदीदाराला कळवलं, की प्रवास संपला आणि हक्कही. खरेदीदाराने बिल्टी तिसऱ्याला विकली आणि त्याने प्रामाणिकपणे पैसे मोजून ती घेतली, तरीही हक्क हातचा जातो.

माल अडवल्याने सौदा आपोआप रद्द होत नाही. परत विकायचा तर आधी खरेदीदाराला नोटीस द्या आणि वाजवी वेळ थांबा. नाशवंत मालाला नोटीस लागत नाही. नोटीस न देता विकलात तर तोटा वसूल करता येत नाही, आणि नफा झाला तर तो खरेदीदाराचा.