मधला काप चौपट धरा

माशांची एक टाकी वर पसरत जाणारी आहे. तळ आतून ३० बाय ३० सेंटिमीटर, पाण्याच्या पातळीशी ५० बाय ५०, पाण्याची उंची ३०. वरचं माप धरून गुणाकार केला की ७५ लिटर येतात. पाणी मात्र ४९ लिटरच असतं. औषधाचं प्रमाण लिटरवर ठरतं, म्हणजे ७५ धरून औषध घातलं तर मासे दीडपट डोसात पोहत राहतात. औषधात तांबं असेल, तर एवढा फरक जिवावर बेतू शकतो.

हे ४९ कसे आले? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) खड्ड्याचं घनफळ काढायची रीत आहे. तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ, आणि तोंड-तळाच्या बाजूंची बेरीज करून निघणारं क्षेत्रफळ, या तिन्हींची बेरीज करा, ६ ने भागा, खोलीने गुणा. आपल्या टाकीत २५०० + ९०० + (८० × ८०) म्हणजे ९८००. भागिले ६, गुणिले ३०: ४९,००० घन सेंटिमीटर. हजाराचा एक लिटर.

त्यातल्या ८० × ८० कडे जरा थांबून बघा. टाकीच्या बरोबर मध्यावर आडवा काप घेतला तर तो ४० × ४० भरतो, आणि ६४०० ही त्याची चौपट. म्हणजे नियम एवढाच: तळ, वर आणि मधल्या कापाची चौपट. टाकी चौकोनीच हवी असं काही नाही, आणि मला या रीतीचं सगळ्यात मोठं अप्रूप याचंच आहे.

गोल बाऊल घ्या. पाणी २० सेंटिमीटर. पाण्याच्या रेषेवर दोरा गुंडाळला, तो साडे-९१ सेंटिमीटर भरला. काच साधारण ४ मिलिमीटर जाड, तिचे अडीच सेंटिमीटर (जाडीच्या ६.२८ पट) वजा केले की आतला घेर ८९. घेराचा वर्ग भागिले १२.५७ (३.१४ ची चौपट), म्हणजे काप ६३० चौरस सेंटिमीटर. १० सेंटिमीटरवरही दोरा तेवढाच भरला. तळ एका टोकाशी मिटतो, म्हणून तिथला काप शून्य. (० + २५२० + ६३०) भागिले ६, गुणिले २०: साडेदहा लिटर. गोलाला ही रीत तंतोतंत लागू पडते, चूक झालीच तर दोरा धरण्यात.

टाकीला मध्येच कंबर किंवा खांदा असेल, तर तिथे दोन भाग पाडून प्रत्येक भाग वेगळा काढा. टाकी रिकामीच असेल तर हिशेबात शिरूच नका, मापाच्या बादलीने भरा.

तळाला खडी असेल तर तिची जागा वजा करायची, पण सगळी नाही, कारण खड्यांच्या फटींतही पाणी असतं. एका लिटरच्या मापात तीच खडी कोरडी भरा आणि वरून मोजून पाणी ओता. काठोकाठ यायला ४०० मिलिलिटर लागलं, तर खडीच्या दर लिटरमागे ६०० मिलिलिटर वजा करायचं.