ब्रिजच्या टेबलावरचे 'डबल': पार्श्वभूमी

व्हिस्ट या पत्त्यांच्या जुन्या खेळातून निघालेल्या सुरुवातीच्या ब्रिजमध्ये डबल म्हणजे निव्वळ आव्हान होते: तुमचे हात होणार नाहीत, लावा दुप्पट गुण. त्यावर समोरच्याचे रीडबल (उलट आव्हान), मग पुन्हा डबल, अशी चढाओढ चालायची. बोली लावून खेळायच्या ऑक्शन ब्रिजने ती एक डबल आणि एक रीडबल एवढ्यावर आणली. १९१२च्या सुमारास अमेरिकेत टेकआउट डबल निघाले. एक बदामाच्या, म्हणजे बदाम हुकूम ठेवून सात हात करण्याच्या, बोलीला दंडासाठी डबल करण्याची वेळ क्वचितच येते, म्हणून तेच डबल 'बदाम सोडून तुझा रंग सांग' असे भिडूला विचारण्यासाठी वापरात आले. १९२५मध्ये आजचे कॉन्ट्रॅक्ट ब्रिज आले तोवर ते रुळले होते.

खरा गुंता 'निगेटिव्ह डबल'चा. ऑक्शनच्या काळात टेकआउट डबललाच निगेटिव्ह म्हणत. १९५७मध्ये एका अमेरिकी खेळाडूने वेगळेच डबल मांडले. त्याच वर्षी सोव्हिएत उपग्रह अवकाशात गेला होता, म्हणून त्याला 'स्पुटनिक' नाव पडले. पुढे हे नाव मागे पडून जुने 'निगेटिव्ह' त्याला चिकटले. स्पुटनिकच ठेवायला हवे होते; जुनी पुस्तके वाचणाऱ्याचा घोळ तरी टळला असता.

भिडूने एक किलवरने सुरुवात केली, मधल्या प्रतिस्पर्ध्याने एक इस्पिक सांगितले आणि तुमच्याकडे चार बदाम, मोठ्या पानांचे आठ पॉइंट. दोन बदाम बोलायला पाच पाने आणि जास्त ताकद हवी. पास केले तर बदाम कळतच नाहीत. इथे हे नवे निगेटिव्ह डबल म्हणजे 'बदाम आहेत'. याची किंमतही आहे. इस्पिकांनी भरलेली पाने असली तरी दंडाचे डबल करता येत नाही. पास करून भिडू डबल करतो का, याची वाट पाहावी लागते. जुन्या पद्धतीच्या खेळाडूंचा आक्षेप यावरच होता. पण तशी पाने क्वचित येतात, चार बदाम रोज येतात. बदल योग्यच होता.

दंडही नेमका दुप्पट नसतो. व्हल्नरेबल (दंड वाढलेल्या स्थितीत) नसताना एक हात कमी पडला तर ५०चे १००, पण दोन कमी पडले तर १००चे ३००, तीनला १५०चे ५००. १९८७पासून चौथ्या हातापासून पुढे प्रत्येकी ३००.

बोली तोंडी असताना आवाजाच्या चढउतारावरून भिडूला दंड की टेकआउट हे कळायचे, ही जुनी तक्रार. स्वीडनमधून आलेल्या बिडिंग बॉक्समधल्या, म्हणजे बोलीची कार्डे ठेवलेल्या पेटीतल्या, डबलच्या लाल एक्सच्या कार्डाने ती मिटली. ते कार्ड ठेवण्याआधी कोण किती थबकले, यावरून मात्र पंचांना अजूनही बोलावले जाते.